रामानुजनला रजा मिळाली होती

नोकरी सांभाळून पुढं शिकायचं ठरवलंय, असं चारचौघांत एकदा बोलून पाहावं. पहिला माणूस हमखास 'वा!' म्हणतो. दुसरा 'या वयात?' म्हणतो. तिसऱ्याला 'इन्क्रिमेंट किती मिळणार?' एवढ्यातच रस असतो. चौथा, म्हणजे आपला सख्खा मेहुणा, 'मग आता तुमच्याकडं कुणी यायचंच नाही का?' असं विचारतो आणि पुढच्या महिन्याचं रिझर्वेशन करून टाकतो. शिक्षणाला वय नसतं हे वाक्य बालवाडीतल्या पोरापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. त्याला रविवार लागतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

माझ्या डोक्यात हे खूळ प्रमोशनच्या मुलाखतीत शिरलं. पॅनेलवरच्या एका साहेबांनी माझा कागद वरून खालपर्यंत वाचला आणि पंगतीत 'फक्त वरणभातच का?' असं विचारावं तशा आवाजात विचारलं, "फक्त बी.कॉम.?" माझ्याच हाताखाली व्हाउचर लिहायला शिकलेला एक मुलगा त्या दिवशी एम.बी.ए.च्या जोरावर साहेब झाला. मला बँकेनं नाराज केलं नाही. माझी सोलापूरहून थेट तमिळनाडूत, कुंभकोणमला बदली केली.

त्या गावात कॉफीलासुद्धा डिग्री असते. आपणच बिनडिग्रीचे का राहायचं, म्हणून मी एका मुक्त विद्यापीठात एम.बी.ए.चा फॉर्म भरला. घर घेतलं मरुदानल्लूरला. कुंभकोणमला लागूनच असलेलं, शांत, झाडाझुडपांचं गाव. भाडं कमी, आवाज नाही, अभ्यासाला उत्तम, असं दलाल म्हणाला. दलालानं आयुष्यात कुठलीच परीक्षा दिलेली नसावी.

घरमालकांना गावात सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागलो. मामा निवृत्त हेडमास्तर. पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरला आले आणि इथलेच झाले. १६७६ पासून घरात मराठी बोलतात आणि तेव्हापासून ती कुणी तपासलेली नाही. पहिले काही दिवस मला त्यांची मराठी तमिळ वाटायची आणि त्यांना माझी मराठी हिंदी. मामा शिकले कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात. १८५४ साली सुरू झालेलं, कावेरीच्या काठावरचं हे कॉलेज. त्याचं नाव निघालं की मामा चष्मा काढून पुसतात आणि शांतपणे सांगतात, "या कॉलेजात रामानुजन नापास झाला. मी पास झालो." पुढं काही बोलत नाहीत. बोलण्यासारखं काही उरतही नाही.

कुंभकोणममध्ये दोन गोष्टी चुकवता येत नाहीत: देऊळ आणि रामानुजन. त्याचा जन्म १८८७ साली इरोडचा, पण वाढला इथं. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या त्याच्या लहानशा घराचं आता स्मारक झालंय. त्याचा फोटो शिकवणीच्या वर्गात असतो, झेरॉक्सच्या दुकानात असतो, आणि आमच्या मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर वर असतो. रजेचा अर्ज घेऊन गेलं की दोघंही एकदम आपल्याकडं बघतात.

पुस्तकांचं खोकं आलं तेव्हा बायको दारातच होती. तिनं ते एका हातानं उचलून पाहिलं, मग दोन्ही हातांनी, मग उंबऱ्यावरच ठेवून दिलं. "अहो, हे सगळं वाचायचंय? की नमुना म्हणून पाठवलंय?"

मी मुलाचे स्केचपेन घेऊन चार रंगांत वेळापत्रक आखलं. पहाटे साडेचार ते साडेसहा: लाल, अभ्यास. रात्री साडेआठ ते दहा: हिरवा, उजळणी. पुढच्या खटाटोपात वेळेवर पूर्ण झालेली गोष्ट ही एकच.

लाल रंग पहिला गळला. मार्गळी महिना लागला. आपल्या धनुर्मासाचा हा तमिळ अवतार, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. या महिन्यात देव पहाटे उठतात, आणि देव उठले की कर्णा उठतो. साडेचार वाजता देवळावरून तिरुप्पावैची पदं सुरू व्हायची, आणि दलालानं सांगितलेली शांतता थेट माझ्या उशाशी येऊन गाऊ लागायची. त्यातच बायकोला मामींनी कोलम शिकवायला घेतलं. अंगणात शेणसडा, त्यावर तांदळाच्या पिठाचे ठिपके, आणि एकही ठिपका न सोडता त्यांच्याभोवती फिरणारी एकसलग रेघ. अंधारात ठिपके दिसत नाहीत, म्हणून टॉर्च धरायला माणूस लागतो. घरात रिकामा माणूस एकच होता, कारण तो नुसता वाचत बसला होता. एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात 'संघटनात्मक वर्तन' घेऊन मी अंगणात उभा राहायचो. पान वाचायला प्रकाश पुस्तकावर वळवला की खालून आवाज यायचा, "अहो, ठिपका!" मामी रेघ पुरी करून उठायच्या आणि पुस्तकाकडं बघून बायकोला तमिळमध्ये काहीतरी विचारायच्या. बायको हसायची. त्याचं भाषांतर मला आजतागायत मिळालेलं नाही.

हिरवा रंग गावातल्या मठानं पुसला. मरुदानल्लूरचं नाव दक्षिणेत आहे ते सद्गुरू स्वामींमुळं. १७७७ ते १८१७ असं अवघं चाळीस वर्षांचं आयुष्य, पण दक्षिणेकडच्या संप्रदाय भजनाची घडी त्यांनी बसवली. त्या पद्धतीत संस्कृत, तेलुगू, तमिळ रचनांच्या बरोबरीनं आपले मराठी अभंगही गायले जातात. म्हणजे ज्यांनी पंढरपूर कधी पाहिलं नाही अशी माणसं कावेरीच्या खोऱ्यात बसून तुकोबा-नामदेव आळवतात. हे कळल्यावर माझा ऊर भरून आला. मामांनी एका संध्याकाळी मला मठात भजनाला नेऊन "हे पंढरपूरच्या शेजारचे, आता अभंग म्हणतील" असं जाहीर केलं, तेव्हा तो तितक्याच वेगानं रिता झाला.

सोलापूरच्या माणसाला पंढरपूरचा रस्ता पाठ असतो, अभंगांचं सांगता येत नाही. मी दोन ओळी म्हटल्या आणि बाकीचा अभंग भक्तिभावानं गुणगुणलो. मग माझ्या शेजारी बसलेल्या, परकर-पोलकं घातलेल्या एका चिमुरडीनं तोच अभंग उचलला आणि पहिल्या शब्दापासून 'तुका म्हणे'पर्यंत, टाळाचा एकही ठोका न चुकवता, पुरा केला. तिला मराठीत पाणी मागता येत नव्हतं. महाराष्ट्राची अब्रू वाचवणं भाग होतं, म्हणून मी रोज संध्याकाळी अभंग पाठ करायला लागलो. वित्तीय व्यवस्थापनाचं पुस्तक तेवढ्यापुरतं मागं पडलं. तेवढ्यापुरतं म्हणजे परीक्षेपर्यंत.

त्याच भजनात सेना न्हाव्याचं नाव आलं आणि मी चमकलो. सेना पूजेला बसलेला, राजाचं बोलावणं आलेलं, हा काही उठेना. तेव्हा विठ्ठल स्वतः त्याची धोकटी काखेला मारून राजवाड्यात गेला आणि राजाची हजामत करून आला. ही गोष्ट मी लहानपणापासून भक्तीची म्हणून ऐकली होती. आता ती मला पर्यायी कर्मचाऱ्याच्या व्यवस्थेची वाटू लागली. मनाला हवं ते करायला बसलेल्या माणसाच्या जागी ड्यूटीवर कुणी तरी जावं लागतं. सेन्याच्या जागी देव गेला. माझ्या जागी जाणार कोण?

कारण माझ्याकडं किल्ली होती.

बँकेबाहेरच्या लोकांना हे दुःख कळायचं नाही. आमच्या शाखेत दागिन्यांवरच्या कर्जाचा धंदा मोठा. इथला शेतकरी भाताचं पीक असो वा मुलीचं लग्न, आधी बायकोच्या गळ्यातलं सोनं बँकेत आणतो. सराफ ते कसोटीच्या दगडावर घासतो, तोलतो, पिशवीत बांधतो आणि पिशवी तिजोरीत जाते. ती तिजोरी एका किल्लीनं उघडत नाही. दोन माणसांच्या दोन किल्ल्या लागतात. त्यातला एक मी. मला ताप आला तर गावातलं निम्मं सोनं अडकतं. रजा घ्यायची तर किल्ली दुसऱ्याच्या हवाली करायची, रजिस्टरवर सह्या करायच्या, आणि मुळात किल्ली घ्यायला माणूस राजी करायचा. एम.बी.ए.च्या अभ्यासक्रमात 'अधिकार सोपवणे' नावाचं एक आख्खं प्रकरण आहे. लेखकाकडं किल्ली नसणार.

मॅनेजरसाहेबांना माझ्या शिक्षणाचा फार अभिमान. आल्या-गेल्यापुढं ते माझी ओळखच तशी करून द्यायचे. "आमचे सार एम.बी.ए. करतायत!" आणि पाहुणा बाहेर पडला की, "सार, तुम्ही मॅनेजमेंट शिकताय ना? मग हे थकबाकीचं टार्गेट तुम्हीच मॅनेज करा." मार्केटिंगचं पुस्तक आलं तसं विमा विकायचं काम आलं. मनुष्यबळाचा धडा सुरू झाला तशी दोन शिपायांची भांडणं माझ्या टेबलावर आली. विद्यापीठ जे जे शिकवत होतं ते ते बँक लगेच करून घेत होती. इतकं सलग प्रात्यक्षिक डॉक्टरांनासुद्धा मिळत नसेल. असाइनमेंट पाठवायची शेवटची तारीख कुठली असावी, हे सुज्ञ वाचकांनी ओळखलं असेलच. ३१ मार्च.

रविवारी तिरुचीला संपर्कवर्ग असायचे. भल्या पहाटे बस पकडून तिथं पोचलं की वर्गात एक विमा एजंट, एक पोलीस, दोन शिक्षिका आणि मी. पोलीस पहिल्या बाकावर ताठ बसून, डोळे उघडे ठेवून झोपायचा. खात्यात शिकवतात म्हणे. शिकवणारे प्राध्यापक स्वतः नोकरी सांभाळून पीएच.डी. करत होते. 'नोकरदार विद्यार्थ्यांवरील ताण' हा त्यांचा विषय. त्यांनी पहिला तास आम्हाला प्रश्नावल्या वाटण्यात घालवला आणि दुसरा त्या भरून घेण्यात. 'आपल्याला ताण कशामुळे येतो?' या प्रश्नापुढं एका शिक्षिकेनं 'प्रश्नावली' असं लिहिलं.

आणि मग परीक्षेच्या तोंडावर मेहुणा आला. सहकुटुंब.

कुंभकोणमच्या आसपास नवग्रहांची नऊ देवळं आहेत. बदली झालेल्या माणसाकडं पाहुणे यायला एक देऊळ पुरतं. इथं तर सूर्यापासून केतूपर्यंत सगळा पॅकेज टूर आहे. मेहुण्यानं माझा चेहरा पाहिला, पुस्तकांचं खोकं पाहिलं आणि निदान केलं. "दाजी, तुम्हाला साडेसाती आहे. त्याशिवाय माणूस या वयात शिकायला लागत नाही." मी म्हटलं, शिक्षणाचा ग्रह गुरू, तो आलंगुडीला, जवळच आहे, तेवढं करून येऊ. पण मेहुण्याला मूळ कारणावर घाव घालायचा होता. शनिवार गाठून आम्ही कारैकालजवळच्या तिरुनळ्ळारला, शनीच्या दारी गेलो. तिथं नळतीर्थात स्नान करायचं आणि अंगावरचे जुने कपडे तिथंच सोडून यायचे, म्हणजे पीडाही मागं राहते, अशी प्रथा आहे. मी डुबकी मारून वर येईपर्यंत मेहुण्यानं माझी पँट शनीच्या हवाली केली होती. तिच्या खिशात हिशेबशास्त्राच्या सगळ्या सूत्रांची, बसमध्ये पाठ करायला केलेली बारीक अक्षरातली घडी होती.

"जाऊ द्या दाजी," मेहुणा म्हणाला, "पीडाच गेली ना?"

परतल्यावर मी परीक्षेसाठी रजेचा अर्ज लिहिला. साहेबांनी तो वाचला, खुर्ची वळवली आणि वर भिंतीकडं बोट केलं. "सार, हा कोण?"

"रामानुजन."

"काय होता?"

"गणिती."

"त्याच्या आधी? क्लार्क! मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये क्लार्क. नोकरी करता करता एवढं नाव केलं. त्यानं कधी रजा मागितली?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. फोटोकडंही नव्हतं. संध्याकाळी हा संवाद मी मामांना सांगितला. मामांनी चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही. हेडमास्तर जागा झाला.

मामा म्हणाले, रामानुजनला १९०४ साली या कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. गणितापुढं त्याला दुसरं काही दिसेना, म्हणून तो बाकीच्या विषयांत गडगडला आणि शिष्यवृत्ती गेली. मग मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात तो एफ.ए.च्या परीक्षेला बसला, तिथंही नापास. पदवी नाही म्हणून नोकरी नाही. रामचंद्र राव नावाच्या कलेक्टरांनी त्याची वही पाहून महिन्याला पंचवीस रुपये देऊ केले, कामाची अट न घालता. शेवटी १ मार्च १९१२ ला तो पोर्ट ट्रस्टमध्ये लागला, महिना तीस रुपयांवर. इथपर्यंत तुमच्या साहेबांचं बरोबर आहे. आता पुढचं त्यांना विचारा. त्याचा वरिष्ठ कोण होता? नारायण अय्यर, स्वतः गणिताचा माणूस. क्लार्क गणितं करतो म्हणून त्यानं मेमो काढला नाही, संध्याकाळी पाटी घेऊन त्याच्याबरोबर गणितं सोडवत बसला. त्याच्या वर कोण? सर फ्रान्सिस स्प्रिंग, पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष. एवढा मोठा इंजिनिअर, पण एका तृतीय श्रेणी क्लार्कची वही घेऊन मोठमोठ्या लोकांशी पत्रव्यवहार करत होता. वेधशाळेचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी ते काम पाहिलं आणि मद्रास विद्यापीठाला पत्र लिहिलं. पदवी नसलेल्या माणसाला विद्यापीठानं १९१३ साली संशोधनाची शिष्यवृत्ती दिली. किती? महिना पंचाहत्तर.

"आणि नोकरी?" मी विचारलं.

"पोर्ट ट्रस्टनं दोन वर्षांची बिनपगारी रजा दिली," मामा म्हणाले.

मी हिशेब केला. हापिसात आलं तर तीस, न आलं तर पंचाहत्तर. बदल्यात दर तीन महिन्यांनी एक अहवाल. थकबाकीचं टार्गेट नाही, विमा नाही, किल्ली नाही. पुढं तो १७ मार्च १९१४ ला बोटीनं केंब्रिजला निघाला, १९१६ साली त्याला संशोधनावर बी.ए. मिळाली, १९१८ साली रॉयल सोसायटीचा फेलो झाला. सगळं जग त्याच्या बुद्धीची गोष्ट सांगतं. त्याच्या रजेची कुणीच सांगत नाही.

मामांना आता थांबवणं कठीण होतं. "तुमच्या महाराष्ट्रातलंच सांगतो. माझ्या गावचाच माणूस त्यात आहे." सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमला जन्मले, घरची भाषा मराठी. १८७५ मध्ये ते बडोद्याचे दिवाण झाले. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक येऊन सयाजीराव महाराज झाला. म्हणजे आधी नोकरी, मग शिक्षण! तेही पार गादीची नोकरी. पण १८८१ साली पूर्ण अधिकार हाती येईपर्यंत महाराज शिकत राहिले आणि राज्याचा गाडा माधवरावांनी ओढला. "बघा," मामा म्हणाले, "महाराजांच्यासुद्धा किल्ल्या दुसऱ्यानं सांभाळल्या, तेव्हा ते शिकले."

दुसऱ्या दिवशी ही सगळी माहिती मी तारखांसह साहेबांपुढं मांडली. ते मनापासून प्रभावित झाले. "सार, किती वाचता तुम्ही! असाच अभ्यास चालू ठेवा," म्हणाले, आणि अर्धा दिवस मंजूर केला. पेपर झाला की लगेच परत यायचं, कारण तपासणीस येणार होते.

परीक्षेच्या हॉलवर पर्यवेक्षक म्हणून एका कॉलेजचे प्राध्यापक होते. मी प्रश्नपत्रिका हातात घेतो न घेतो तोच त्यांनी मला ओळखलं. त्यांच्या सौभाग्यवतींचा हार आमच्याच तिजोरीत होता. पहिली घंटा झाली तसे ते माझ्या बाकापाशी येऊन वाकले. "सार, व्याज भरायची शेवटची तारीख कुठली हो?" मी कुजबुजलो, "तीस जून. नाहीतर दंड लागेल." शेजारच्या परीक्षार्थ्यानं घाईघाईनं ते चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात लिहून घेतलं. पुढं पर्यवेक्षकांनी सोन्याचा भाव, नूतनीकरण आणि मुदत ठेवीचे दर यांवर माझी तोंडी परीक्षा घेतली. तीत मी पहिल्या वर्गात पास झालो असतो.

निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, हिशेबशास्त्रात नापास. मामांनी गुणपत्रिका दोनदा वाचली. "रामानुजन गणित सोडून सगळ्यांत नापास होता. तुम्ही हिशेब सोडून सगळ्यांत पास आहात." थोडा विचार करून म्हणाले, "बरोबर उलटं आहे. पण कुठं तरी संबंध आहे." मग त्यांनी धीर दिला की इथं महामहमचा उत्सव बारा वर्षांनी एकदा येतो, पुढचा २०२८ साली, तोवर नक्की होईल. बायको म्हणाली, "अहो, त्या वर्षी केवढे पाहुणे येतील, माहीत आहे का?"

आता माझं मत, आणि ते समस्त वरिष्ठांसाठी आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या माणसाला प्रेरणा कमी पडत नाही. ती फुकट आणि भरपूर मिळते, कॅलेंडरवर मिळते, निरोपसमारंभात मिळते, मेहुण्याकडूनही मिळते. कमी पडते ती रजा. तेव्हा कचेऱ्यांच्या भिंतींवरून रामानुजनचे फोटो खुशाल उतरवा. जागा दिली असती तर तो कुठंही मोठा झाला असता. त्या जागी सर फ्रान्सिस स्प्रिंग आणि नारायण अय्यर यांचे फोटो लावा, आणि ते खुर्चीच्या मागं नकोत. खुर्चीच्या समोर लावा, साहेबांना बसल्या जागी दिसतील असे.